गल्ल्यामागचे माणूस

ज्येष्ठ वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हल्ली दुपारचा डबा बाहेरून येतो. मुले परगावी असतात, गुडघे ओट्यापाशी फार वेळ उभे राहू देत नाहीत, आणि दोनच माणसांसाठी रोज कुकर लावण्याचा कंटाळा हेही कारण काही कमी खरे नाही. दोन पोळ्या, एक पालेभाजी, वरण, भात. मीठ बेताचे, तिखट त्याहून बेताचे. डबा वेळेवर आला, पोळी मऊ असली आणि भाजीवर तेलाचा तवंग नसला, की आपण समाधानी असतो. तो कोणी केला याची चौकशी आपण सहसा करत नाही. चौकशीच्या नावाखाली जात विचारणारे महाभाग अजून आहेत, पण तो विषय निराळा.

आता समजा, एके दिवशी डबा पोहोचवणारा मुलगा आजारी पडला आणि मालकीण स्वतःच डबा घेऊन दाराशी आली. साडी नेटकी, केस बांधलेले, आवाज मात्र पुरुषी, घोगरा. आपल्या ध्यानात येते की ही तृतीयपंथी व्यक्ती आहे. गेले चार महिने आपण जिच्या हातचे आवडीने जेवलो, ती हीच. उद्यापासून डबा चालू ठेवायचा की बंद करायचा?

प्रसंग कल्पनेतला आहे, प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या शहरांत हल्ली तो अनेक दारांशी उभा राहतो. कधी डब्याच्या रूपाने, कधी ब्यूटी पार्लरच्या, कधी शिवणकाम करणाऱ्याच्या, तर कधी आपल्याच नातवाने सुरू केलेल्या केकच्या व्यवसायाच्या रूपाने. आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. कलंक ही शरीराला पोखरणारी गोष्ट आहे आणि सन्मानाची कमाई हा तिच्यावरचा एक उतारा आहे, म्हणून.

आधी शब्दांविषयी थोडेसे. आपल्या तरुणपणी या सर्वांसाठी दोनतीनच शब्द होते आणि ते शिवीसारखे वापरले जात. आज एलजीबीटीक्यूआयए ही लांबलचक आद्याक्षरे वर्तमानपत्रांत दिसतात. त्यांत समलिंगी स्त्रिया व पुरुष, उभयलिंगी, जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि मनाने जाणवणारी ओळख वेगळी असणारे पारलिंगी, जन्मतःच शरीररचना स्त्री वा पुरुष या दोन साच्यांत न बसणारे आंतरलिंगी आणि लैंगिक आकर्षणच न वाटणारे अलैंगिक, असे अनेक येतात. सगळे पाठ करण्याची गरज नाही. समोरची व्यक्ती स्वतःला जे म्हणवते ते म्हणावे, एवढे पुरते.

हा आजार नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या संघटनेच्या नव्या वर्गीकरणात पारलिंगी असणेही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले गेले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये समलैंगिकता हा मनोविकार नसल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. 'अमुक डॉक्टर यातून बरे करतात' असे कोणी सांगितले तर सावध व्हावे. असे 'उपचार' करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग आजार कुठे असतो? तो ताणात असतो. कोणी ओळखेल का, कोणी हसेल का, घरमालक काढून टाकेल का, या सततच्या सावधपणामुळे शरीर विसावतच नाही. अमेरिकन संशोधक इलान मेयर यांनी याला 'अल्पसंख्याकांचा ताण' म्हटले. झोप उडणे, नैराश्य, व्यसने, आत्महत्येचे विचार ही त्याची फळे. आपल्या वयाच्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. वैधव्य, वांझपण, क्षय, कोड, घटस्फोट यांभोवतीची कुजबुज आपण ऐकलेली आहे, आपल्यातील काहींनी सोसलीही आहे. रोगापेक्षा कुजबुज अधिक छळते, हे त्यांना कोणी वेगळे सांगायला नको.

तृतीयपंथीयांच्या वाट्याला ही कुजबुज आली, तशी पोटाची भ्रांतही आली. टाळी वाजवून पैसे मागणे हा जणू त्यांचा स्वभावच, असे आपण धरून चालतो. इतिहास निराळे सांगतो. दख्खनमधल्या हिजड्यांना मराठेशाहीच्या काळात ठरावीक गावांतून धान्य वा रोख रक्कम गोळा करण्याचे हक्क होते, काहींकडे जमिनी होत्या, आणि हे हक्क गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने त्यांना मान्यता देणे थांबवले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग खास याच लोकांसाठी लिहिला गेला. उत्तरेत त्याची अंमलबजावणी अधिक झाली. नोंदवहीत नाव चढलेल्या व्यक्तीने बायकी पोशाखात सार्वजनिक ठिकाणी वावरणे, नाचणे, वाद्य वाजवणे हा गुन्हा ठरला, शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. अशा व्यक्तीला मूल दत्तक घेता येत नसे, बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्रही करता येत नसे. आधी हक्काची मिळकत काढून घेतली, मग कला दाखवणे गुन्हा ठरवले, आणि उरलेल्या हात पसरण्याला त्यांची जातकुळी म्हटले, असा हा प्रवास आहे.

२०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली, त्यांतील ४०,८९१ महाराष्ट्रातील. त्यांच्यातील साक्षरता सुमारे ५६ टक्के, तर एकूण लोकसंख्येत ती ७३ टक्के. शाळेत चिडवले म्हणून शाळा सुटते, शाळा सुटली म्हणून नोकरी मिळत नाही. मिळालीच तर स्वच्छतागृह कोणते वापरायचे इथपासून अडचणी सुरू होतात. अशा माणसाला स्वतःचा छोटा धंदा हा बहुधा उरलेला एकमेव दरवाजा असतो. उद्यमशीलतेच्या गौरवगाथा लिहिणारे हे अनेकदा विसरतात.

तरीही त्या दरवाजातून बरेच काही घडते. मुंबईत अंधेरी पश्चिमेला २०२२ मध्ये 'बंबई नजरिया' नावाचे एक लहान कॅफे सुरू झाले. तिथे चहा-नाश्ता देणारी माणसे तृतीयपंथी समुदायातील होती. मार्च २०२३ मध्ये गुवाहाटी रेल्वे स्थानकावर तृतीयपंथीयांनी चालवायचा चहाचा स्टॉल उघडला. रेल्वेच्या डब्यात ज्यांना पाहून प्रवासी खिडकीबाहेर पाहू लागतात, त्यांच्याच हातचा चहा फलाटावर उभे राहून पिणे, यात एक वेगळा न्याय आहे. कोइमतूर येथे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या त्या अवघड वर्षात, 'कोवै ट्रान्स किचन' हे उपाहारगृह एका ज्येष्ठ तृतीयपंथी स्त्रीने आपल्या सहकाऱ्यांसह सुरू केले. बिर्याणी ही तिथली खासियत. काही आठवड्यांतच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, त्या संस्थापिकेचा खून झाला. हे लिहिताना हात जड होतो, पण गल्ल्यामागे बसले की माणूस सुरक्षित झाले, असा गैरसमज करून देणे बरे नव्हे.

दुकानाच्या फळीवर असे काय असते, की जे भाषणांत नसते? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. माणसे केवळ शेजारी राहिल्याने पूर्वग्रह जात नाहीत. समान पातळीवर, समान हेतूने, परस्परांच्या सहकार्याने आणि समाजमान्य चौकटीत भेट झाली तर ते सैल होतात, असे त्यांनी मांडले. भिकेच्या व्यवहारात एकाचा हात वर असतो, एकाचा खाली. विक्रीच्या व्यवहारात दोघांना एकमेकांची गरज असते. डबा हवा म्हणून आपण थांबतो, गिऱ्हाईक टिकावे म्हणून ती थांबते. मग बोलणे निघते ते लिंगभावावर नव्हे, मिठावर.

हे मिठाचे बोलणे खरोखरच करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ खावे. त्यात लोणचे, पापड, चटणी सगळे आले. आपल्याला रक्तदाब असेल तर डबेवालीला तसे स्पष्ट सांगावे. मधुमेह असेल तर भाताची वाटी लहान ठेवायला सांगावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एक दिवस भरपूर आणि चार दिवस अजिबात नाही, असे न होता तिचे प्रमाण साधारण सारखे राहील हे पाहावे. अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक आहे का, डबे कसे धुतले जातात, पाणी कोणते वापरतात, हे कोणत्याही डबेवाल्याला विचारायचे प्रश्न आहेत. ते इथेही विचारावेत, तितक्याच सरळपणे. पोळी कडक आली तर तक्रार करावी. दयेपोटी कडक पोळी गिळणारे गिऱ्हाईक दोन महिन्यांत गुपचूप डबा बंद करते. तक्रार करणारे मात्र वर्षानुवर्षे टिकते.

एक आक्षेप माझ्या मनात सतत येतो. माणसाने आपल्याला जेवू घालावे, आपले केस कापावेत, ब्लाउज शिवून द्यावेत, तेव्हाच आपण त्याला माणूस म्हणणार का? ज्याला धंदा जमत नाही, जो आजारी आहे, जो अजूनही सिग्नलवर उभा आहे, त्याचे काय? सन्मान ही कमाईची पावती नव्हे, हे तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील. परंतु प्रत्यक्षात सवय आधी बदलते आणि तत्त्व तिच्या मागून लंगडत येते, असे मला वाटते. म्हणून धंद्याच्या वाटेचे मोल मी कमी लेखत नाही.

आता ज्येष्ठांच्या हाती काय आहे ते पाहू. ते पुष्कळ आहे. छोट्या धंद्याला भांडवलाआधी जागा लागते. गाळा रिकामा असतो, अनामत ठरते, आणि समोरची व्यक्ती कोण हे कळल्यावर 'सोसायटीला चालणार नाही' असे उत्तर मिळते. सोसायटी म्हणजे कोण? बहुधा आपणच. बैठकीत एका सत्तरीच्या गृहस्थाने किंवा आजींनी 'भाडे वेळेवर देतात ना, मग द्या' एवढे म्हटले तरी वारे फिरते. तरुणांच्या दहा वाक्यांना जे साधत नाही, ते पांढऱ्या केसांच्या एका वाक्याला साधते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्यातील कोणी बँकेत, कोणी तहसील कचेरीत, कोणी विमा कंपनीत आयुष्य काढले आहे. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच, हा घोळ सोडवायला असा निवृत्त माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ओळखीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली आणि नोव्हेंबर २०२० पासून त्यासाठी राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच बँकांना अर्जांमध्ये तृतीयपंथीयांसाठी वेगळा रकाना ठेवण्यास सांगितले होते. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. 'उद्यम' नोंदणीला शुल्क नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. योजना कागदावर असतात. बँकेच्या खिडकीशी कारकून नजर चुकवतो, तेव्हा शेजारी कोणीतरी आपले माणूस उभे असावे लागते. हिशेबाची वही कशी ठेवायची, उधारी कुठे थांबवायची, हप्त्याची तारीख का चुकवायची नाही, हे शिकवायला तर योजनेचीही गरज नाही.

आणि भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, गोडा मसाला यांची प्रमाणे! ती आपल्या डोक्यात आहेत, नव्या पिढीतील पुष्कळांना ती नको आहेत. घर सोडून गेलेल्या मुलाला आईच्या हातचे प्रमाण ठाऊक नसते. एखाद्या आजींनी चार दुपारी बसून धने किती भाजायचे, दगडफूल किती घालायचे हे शिकवले तर तिच्या दिवाळीच्या फराळाला गिऱ्हाईक मिळेल, आणि आजींच्या दुपारीही रिकाम्या जाणार नाहीत. एकाकीपणावर कोणी गोळी शोधून काढलेली नाही. कोणीतरी आपले ऐकायला बसणे हाच त्यावरचा जुना उपाय आहे.

इथपर्यंत बोलणे परक्यांबद्दल झाले. घरातल्यांबद्दल बोलणे कठीण. कित्येक कुटुंबांत एक अविवाहित मुलगा किंवा मुलगी असते. भावंडे संसारात गुंतलेली, म्हणून वृद्ध आईवडिलांची औषधे, दवाखाना, रात्रीची उठबस तिच्याकडे येते. तिने छोटेसे बुटीक किंवा छपाईचे दुकान काढलेले असते, कारण नोकरीतल्या 'लग्न कधी?' या प्रश्नाला ती विटलेली असते. दुकानात तिची एक 'मैत्रीण' भागीदार असते. बारा वर्षे ती मैत्रीण सणाला घरी येते, स्वयंपाकघरात मदत करते, बाबांना आंघोळीनंतर आधार देऊन खुर्चीत बसवते. सगळ्यांना सगळे माहीत असते आणि कोणी काही बोलत नाही. अशा घरातील आईबाबा हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: ती दोघी तुमची काळजी घेत आहेत, आणि त्याच वेळी तुमच्यापासून स्वतःला लपवत आहेत. दुहेरी श्रम आहेत ते. 'तुमचे दोघींचे कसे चालले आहे?' असे एकदा विचारून पाहावे. पुढे काय बोलायचे ते आपोआप सुचते, आणि नाही सुचले तरी चालते.

बातमी नव्यानेच कळली असेल तर आईवडिलांचीही झोप उडते, रक्तदाब वर जातो, 'आमचे काय चुकले' हा प्रश्न छातीवर बसतो. चुकलेले काही नसते. पण हे मनाला पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ एकट्याने काढू नये. 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा अशा पालकांचाच परस्परांना आधार देणारा गट आहे. या गटातील ४०० हून अधिक पालकांनी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या विवाहांना मान्यता मागितली होती. आम्ही म्हातारे होत चाललो आहोत, डोळ्यांदेखत हे घडावे, अशी त्यांची विनवणी होती. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती मान्यता मिळाली नाही. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.

विवाहाला मान्यता नाही, म्हणून दोघांनी मिळून उभारलेल्या धंद्याची घडी आपणहून बसवावी लागते. भागीदारी तोंडी ठेवू नये, करारनामा लिहून घ्यावा. दुकानाचा गाळा एकाच्या नावावर आणि पैसा दोघांचा, अशी स्थिती असेल तर आजच वकिलाला भेटावे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. पण नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे ताब्यात घेते, मालकी कोणाची हे वारसा कायदा ठरवतो, आणि त्या कायद्याच्या लेखी जोडीदार परका असतो. म्हणून मृत्युपत्र हवे. १८७१ च्या कायद्याने जे करायला मनाई होती, ते आज कोणीही सज्ञान, शुद्धीवरचे माणूस साध्या कागदावर करू शकते.

त्याला मुद्रांक लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, पण करून ठेवलेली बरी, कारण पुढे एखादा चुलतभाऊ कोर्टात उभा राहू शकतो. दोन साक्षीदारांनी करणाऱ्याची सही प्रत्यक्ष पाहून आपल्या सह्या कराव्यात. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, आणि शक्यतो करणाऱ्यापेक्षा वयाने लहान माणसे निवडावीत. सोबत डॉक्टरांचा प्रकृतीचा दाखला जोडावा. मूळ प्रत दुकानाच्या गल्ल्यात न ठेवता घरी कपाटात ठेवावी, आणि ती कुठल्या खणात आहे हे दोघांनाही ठाऊक असावे.